उलट्या टोकाला कुंकू

बाबा, तुमचा नातू खलाशी झाला. पुण्याच्या कंपनीतली खुर्ची सोडून तो अंदमानात शिडाची नाव घेऊन बसला आहे. लोकांना सकाळी बेटावर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हा धंदा. तुम्ही असता तर पानाची पिंक टाकून म्हणाला असता, "डोंगाच चालवाचा होता तं शाळेत काहून घातला?" मीही तेच म्हटलं, फक्त पिंक न टाकता.

त्याचा फोन आला, "नवी नाव आहे आई. तू कुंकू लावशीन तवाच गिऱ्हाईक बसवीन." नवा नांगर आईच्या हातचं कुंकू लागल्याशिवाय तुम्ही जुंपत नव्हता, हे त्याला बरं आठवलं. मी गेले ती त्याला परत आणायला. कुंकू लावायचं नाही, हे देवासमोर ठरवूनच निघाले होते.

नावेत मी, तो आणि त्याचा भागीदार. निघालो आणि वारा पडला. इंजिन आहे, पण लावायचं नाही म्हणे, त्यात मजा नाही. उन्हात बिनकामाचं बसून राहायला लोक पैसे मोजतात! आपल्याकडे याला आळस म्हणतात. भागीदार सारखा सांगे, काकू, पाण्याचा रंग पाहा. रंग पाहून काय करू? ते पाणी धानाला देता येत नाही. सवयीने ओंजळभर तोंडाला लावलं, तर थुंकावं लागलं. बेटावर नुसती रेती आणि नारळ. देऊळ नाही, गाय नाही. आपण पापड वाळत घालतो तशी माणसं रेतीत पडलेली, एक अंग भाजलं की दुसऱ्या अंगावर होणारी. एकादशी होती, माझा फराळाचा डबा माझ्याजवळ होता. त्यांच्या नारळपाण्यालाही मी हात लावला नाही.

परतताना पुन्हा वारा नाही. मी म्हटलं, नोकरी पुन्हा धर, वाऱ्याच्या भरवशावर कोणी जगतं का? तो उठला, गाल एका बाजूला वळवला आणि डोळे मिटून उभा राहिला. बाबा, खळ्यावर धान उडवताना भरलं सूप डोक्यावर धरून तुम्ही असेच उभे राहायचे. वारा येईपर्यंत आम्ही पोरींनी हलायचंही नाही. मला तुमचाच राग आला. जन्मभर वाऱ्याची वाट पाहिली आणि मला मात्र नोकरीवाला नवरा पाहून दिला.

तो हळूच म्हणाला, "आला." शीड भरलं.

किनाऱ्याला लागल्यावर मी डबी काढली. रागातच होते, म्हणून कोणाला विचारलं नाही. जवळचं टोक दिसलं, त्याला हळदकुंकू लावलं, तांदूळ वाहिले. आपल्या वैनगंगेवरच्या डोंग्याची दोन्ही टोकं सारखीच असतात. भागीदार हसायला लागला.

"आई, थे मागचं टोक होय."

"असू दे. देवाले काय पुढूनच दिसते?"

तो पाया पडला आणि लगेच पहिल्या गिऱ्हाइकाला फोन लावायला गेला.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. कुंकू लावून आले खरी, पण आपल्या आसगावात कोणी विचारलं तर पोरगा अजून पुण्यातच आहे, कंपनीत.