फटफटीच्या जाळीची खोळ

शनिवार, १७ एप्रिल १९७६
फटफटीसाठी आणलं — तेल थंड करायची तांब्याची जाळी, जुनी: १८ रु. रबरी नळ्या, क्लिपांसह: ६ रु. गोपीचंद मिस्त्रीची मजुरी: ६ रु. मारुतीचा नारळ वेगळा.

इंजिनातलं तेल नळीने या जाळीत येणार, समोरच्या वाऱ्याने निवणार, परत आत जाणार. एवढ्यासाठी तीस रुपये! पण इलाज नाही. फटफटी तापते, मंगरूळच्या पुढे जात नाही. आणि नणंद वच्छला त्याच्याही पुढे, इंझोरीला. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून सासूबाई तिच्या दारी गेल्या नाहीत. पहिलं बाळंतपणसुद्धा माहेरी नाही. पोरीचं बारसं तिने आईसाठी अडवून ठेवलंय. ह्यांनी विषय काढला की सासूबाईंचं ठरलेलं — "एसटी मले लागते. तुई फटफटी वाटेत बसते. मी काय उन्हात तिची राखण करू?"

रविवार, १८
जाळी अशी लख्ख, की धुळीत जाऊ देववेना. जुन्या धोतराची खोळ शिवली, नाडी लावून. रेडिओला आहे, शिवणयंत्राला आहे, मग हिला का नको? हे म्हणाले, "बेस केलं."

सोमवार, १९
हे एकटेच इंझोरीला निघाले, गाडी कशी चालते ते पाहायला. मंगरूळच्या अलीकडे, वाशीमलाच बसली. आधीपेक्षा लवकर! दिवेलागणीला परत आले. सासूबाई म्हणाल्या, "मी म्हनलंच होतं." पण भाकरी अर्धीच खाल्ली.

मंगळवार, २०
तुळशीला पाणी घालायला गेले तर सासूबाई फटफटीपुढे उकिडव्या बसलेल्या. खोळीची नाडी सोडत होत्या.
"हे काय व?"
"धूळ बसू नये म्हणून—"
"वाऱ्यासाठी लावली ना हे? अन तू तिले लेकरावानी टोपडं बांधलं. मॅट्रिक कायची झाली व तू?"
मी खाली मान घातली. हे दारात हसून हसून वाकले. "माय, तुलेच तर जायचं नव्हतं ना?"
सासूबाईंनी खोळ काढून हातात घेतली. धोतराचा कपडा बोटांनी चोळत बसल्या. म्हणाल्या, "मऊ हाय. लेकराच्या आंगाले टोचनार नाही."

बुधवार, २१
हे खोळीविना इंझोरीला जाऊन आले. कुठेही बसली नाही. देव पावला.

गुरुवार, २२
सासूबाईंनी सांगितलं तसं कार्ड लिहिलं. 'जावईबापू' हा शब्द त्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला.
"वच्छले, मी पुढल्या शनिवारी येते. पोरीचं नाव माह्याबिगर ठेवू नोको. मंग तुमी तिघंबी महिनाभर आपल्या घरी रिठदले राहाले या. जावईबापूले विचार, अन उलट टपाली कळव."