होय म्हाराजा

देवबाग, रविवार, दिवेलागण

कॉलेजने माझा प्रवेश पुढच्या वर्षावर ढकललाय. म्हणे प्रवेशपरीक्षा पुन्हा द्या, मग बघू. पुन्हा म्हणजे तिसऱ्यांदा! दुसऱ्या वेळी मार्क पहिल्याहून कमी पडले, आता तिसऱ्यांदा मी काय दिवे लावणार आहे?

बाबांना सांगितलं तर ते हसलेच. "म्हणजे वेटिंग! गाडयेत चढूक मिळता गो, जागा मागसून गावता." मी म्हटलं, "बाबा, ह्या वेटिंग न्हय." पण जाळी ओढून आलेला माणूस तसाच आंघोळ करून, नारळ घेऊन देवळात निघाला. मलाही नेलं.

देवळात गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्या गावकारकाकांनी नारळ ठेवून माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडू वेटिंगात आसा, तेचा तिकीट पक्का कर रे म्हाराजा!" चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. जमलेले सगळे ओरडले, "होय म्हाराजा!" बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर. मी नुसते हात जोडले. देवालासुद्धा चुकीचंच सांगितलं. मुळात गाडीच नाही, तर तो तिकीट कसलं पक्कं करणार?

येताना समुद्राकाठच्या पुळणीवर बाबा थांबले. "तू होय म्हाराजा म्हणूक नाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वेटिंग न्हय ता, माका म्हायत आसा गो. पण चार लोकांत, देवाच्या म्होरं, माझा चेडू नापास झाला असा कसा सांगूचा?"

म्हणजे घरात आशा धरून बसलेलं एक माणूस आहे असं मला वाटत होतं, तेही नव्हतंच.