रवीच्या आधीचा मिस्तरी

२१ सप्टें., रविवार
रवीचा फोन दोनदा कट. तिसऱ्यांदा लागला तेव्हा नवीन बिल्डिंग दाखवली, लांबवर समुद्राची निळी रेघ. माझा धाकटा भाऊ, धुळ्याचा फरशी मिस्तरी, इस्रायलमध्ये फरशा बसवतोय आणि मी इथे गच्चीवर नेटवर्क शोधत फिरतेय.
तिथे प्रत्येक नव्या घरात एक खोली जाड काँक्रीटची, लोखंडी खिडकीची. हल्ल्याचा भोंगा वाजला की तीत शिरायचं. "अक्का, मी आधी तीच खोली पुरी करून घेतो," म्हणाला आणि हसला. मनीषा, त्याची बायको, हसली नाही.
परवान्याची मुदत दिवाळीनंतर संपते. आणखी राहायचं की परत यायचं, मालक विचारतोय.

२४ सप्टें.
रवी काम करतोय ती इमारत लढाई सुरू झाली तेव्हापासून बंद पडली होती. मग आधी फरशी कोण बसवत होतं? वेस्ट बँकेतला एक पॅलेस्टिनी मिस्तरी. लढाई पेटली, तिकडच्या माणसांचे परवाने बंद झाले, म्हणून आपल्याकडून माणसं नेली. पेपरात वाचलं होतं हे. पण तिथे 'कामगार' लिहिलेलं. मिस्तरी म्हटलं की माणूस दिसतो. गुडघ्यावर बसलेला, कानाला पेन्सिल.
त्याचं नाव रवीला माहीत नाही. मलाच चुटपुट लागली.

१ ऑक्टो., खंडेनवमी
रवीनं उपड्या बादलीवर हत्यारं मांडून पूजा केली. थापी, दोरी, लेव्हल, रबरी हातोडी. झेंडू नव्हता, कुंपणावरचं कसलंसं पिवळं फूल. त्यात एक जुनी थापी, मुठीला चिंधी गुंडाळलेली.
"ही कोणाची रे?"
"त्याचीच. मागच्या खोलीत सापडली. वेगळी कशी ठेवू?"
मग म्हणाला, हॉलमधली अर्धी फरशीही त्याचीच होती. आमचे वडील आबाही मिस्तरीच होते; त्यांचा नियम आम्हां दोघांना पाठ. दुसऱ्या मिस्तरीचं अर्धं काम हातात घ्यायचं तर आधी त्याच्या घरी जाऊन विचारायचं, तो 'घे' म्हणाला तरच दोरी लावून काम सुरू करायचं. आबा एकदा त्यासाठी सायकलवर साक्रीला गेले होते.
"मी न विचारताच जोडून टाकली, अक्का. सांधासुद्धा दिसत नाही."
हे अभिमानानं म्हणाला की कसं…

५ ऑक्टो.
जळगावला जाऊन आले. एस्टीत पारोळ्यापासून दोघांचा वाद, चूक इस्रायलची की पॅलेस्टाईनची. आवाज चढत गेले. मागच्या सीटवरची म्हातारी वैतागून म्हणाली, "बांधवरथून सख्खा भाऊसंगे बोलतस नही, अन् निंघनात तठला झगडा मिटाडाले!" बांधावरून सख्ख्या भावाशी न बोलणारे तिथलं भांडण मिटवायला निघाले, म्हणून बस हसली. 
मी कोणाची बाजू घेतली असती? दोन्हीकडची मेलेली मुलं डोळ्यांपुढे येतात आणि माझं वाक्य पुरं होत नाही.

७ ऑक्टो.
इजिप्तमध्ये लढाई थांबवायची बोलणी चालू. दोन्ही बाजू समोरासमोर बसत नाहीत म्हणे, मध्यस्थ निरोप नेतात-आणतात. कसं करत असतील? चहा कोण आधी पितं? नेलेला शब्द पोचेपर्यंत तोच राहतो का?
मनीषा म्हणाली, "अक्का, तुम्ही तर लग्नाच्या बोलणीसारखं वाचताय. मुलाकडचे काय म्हणाले, मुलीकडचे काय म्हणाले."
खरंय. पण लग्नाच्या बोलणीत दोघांनाही लग्न हवं असतं.

९ ऑक्टो.
लढाई थांबवायचं ठरलं! ओलीस सुटणार, कैदी सुटणार. पिंपळनेरहून मायचा फोन: "आते तरी मन्हा पोऱ्या घर यी का?"
रवी सांगत होता, मालक साइटवर येऊन सिमेंटच्या गोणीवर बसला, मोबाइलवर बातम्या ऐकत. त्याचा पुतण्या या लढाईत गेला.  जाताना रवीच्या खांद्यावर हात ठेवून गेला.
आता एक विचित्र गोष्ट. शांतता टिकली तर तो मिस्तरी कदाचित परत येईल. मग रवीची जागा? आणि नाही टिकली, तर रवी त्या लोखंडी खिडकीमागे. मी देवापुढे हात जोडले आणि नेमकं काय मागायचं ते ठरेना. मनीषाला हे बोलले नाही. 

१२ ऑक्टो.
मुकादमानं त्या मिस्तरीचा नंबर शोधून आणला. मुकादम तिथलाच अरब, इस्रायलचाच नागरिक, त्याला त्या मिस्तरीची भाषा येते आणि रवी साइटवर कामापुरती बोलतो तीही. रवी आता विचारणार. काम होऊन गेल्यावर विचारणं, आबांना चाललं असतं का, माहीत नाही.
मायला सांगितलं. तिला बोलणी, परवाने यात रस नाही. "त्याले ईचार म्हना, घर कोन कोन शे. त्याले बी माय व्हई."

१७ ऑक्टो.
रवी फोनवर बोलला त्याच्याशी. मध्ये मुकादम, फोन त्याच्याच कानाला. नंतर आम्हाला लावून सगळं सांगितलं, मनीषा नि मी स्पीकरवर ऐकत बसलो.
नाव सामी. घरी आई आहे, चार मुलं आहेत. लढाई सुरू झाल्यापासून फरशीचं काम नाही, ऑलिव्ह तोडायला जातो. परवाने सुरू होणार की नाही, त्याला कोणी सांगितलेलं नाही. रवीनं अर्ध्या फरशीचं सांगितलं, माफ कर म्हणाला. त्यावर सामी पुष्कळ वेळ बोलला. मुकादमानं त्याचं भाषांतर एवढंच केलं: "तो विचारतो, तू जाणार कधी?"
"हसून विचारलं की रागानं?" मी.
"कळलं नाही अक्का. मुकादमाच्या तोंडून सगळं एकाच आवाजात येतं."
"मग तू काय सांगितलंस?"
"उद्या परत लावतो म्हटलं."
मनीषा फोनजवळ सरकली. "उद्या लावाल तेव्हा काय सांगता ते मलाही ऐकू द्या. माझाही तोच प्रश्न आहे."
तिकडे कोणीतरी फरशी कापत होतं. कटरचा आवाज येत राहिला. त्यावरून ओरडून रवी म्हणाला, "मनीषा, उद्या आधी तुला लावतो, मग सामीला."