उजव्या कालव्याचे ठोकळे

मी, मालन महिपत सुवारे, वय ४६, राहणार मिरजोळे, ता. जि. रत्नागिरी, सरकारी प्रयोगशाळेत सहायक, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आजार यकृतापर्यंत गेला आहे, डोक्यापर्यंत नाही. तसा दाखला डॉ. रितेश कीर यांनी सोबत दिला आहे. कोणाची जबरदस्ती नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मिरजोळ्याचे घर आणि बँकेत असेल ते सगळे माझी मुलगी सानवी हिला. पुढचे कलम वाचून तिला माझे दिवस करावेसे वाटले नाहीत, तर करू नयेत. घर तरीही तिचेच.

२. सानवी, तुझ्या बाबांच्या हातून कोणी मेले नाही.

उजव्या कालव्याच्या कामाची आधी निविदा निघाली, मग फेरनिविदा, मग दोन ठेकेदार कोर्टात गेले. चार वर्षांनी स्थगिती उठली तेव्हा मार्चअखेर निधी परत जायची वेळ आली होती. म्हणून पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी कामाचे लहान लहान तुकडे पाडले आणि निविदेशिवाय ओळखीच्यांना वाटले. पाचवा तुकडा माझा भाऊ हरिश्चंद्र गोताड याला मिळाला.

कालव्याला आतून काँक्रीटचे अस्तर घालतात. त्याच मालाचे ठोकळे भरून आमच्याकडे येत आणि मी ते यंत्रात दाबून तपासत असे. दादाचे पहिले सहा आले. तीन फोडले, ते बिस्किटासारखे गेले. मी त्याला सांगितले. तो हसून म्हणाला, "मग तूच भर गो. तुझ्या हाताला चव हाय."

मी प्रयोगशाळेच्या मागे चांगल्या सिमेंटचे ठोकळे भरले आणि त्यांवर त्याच्या कामाचे क्रमांक रंगवले. एकशे आठ ठोकळे. एकही नापास झाला नाही. मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला, हेही लिहून ठेवते.

त्याच कालव्याचे गेट तुझे बाबा सांभाळत. पहिल्याच वर्षी पाणी सोडले आणि दादाचा तुकडा फुटला. खालच्या शेतात असलेली ठमाबाई धनावडे वाहून गेली. चौकशीत अस्तर पास निघाले, तेव्हा दोष गेटवाल्याचा ठरला: गेट उशिरा बंद केले. बाबा निलंबित झाले. दुकानात गेले की मागून ऐकू यायचे, "यानेच म्हातारीला बुडवलान."

त्यांनी मला एकदाच विचारले, जेवताना. "ठोकळे तूच तपासलेस ना गो? बरे होते?"

"चांगले होते."

"मग माझाच उशीर झाला," म्हणाले, आणि भात तसाच ठेवून उठले.

चौदा महिन्यांनी ते गेले. त्यांतल्या कुठल्याही दिवशी मला खरे बोलता आले असते. नोकरी होती, दादा होता. नाही बोलले.

३. हापूसची बाग, चौदा कलमे, ठमाबाईचा नातू अजिंक्य धनावडे याला. त्याने आंबे खावेत, माझे नाव घेऊ नये.

४. दादाचे न फोडलेले तीन ठोकळे तारखेसकट मागच्या पडवीत पोत्यात आहेत. नखाने खरवडले तरी वाळू गळते. ते आणि माझी खरी नोंदवही ॲड. योगिनी रामाणे यांनी पोलिसांकडे द्यावी. या कागदाची अंमलबजावणी त्याच करतील. माझ्यावर खटला चालणार नाही, मी नसेन. दादावर चालेल. हे बरोबरीचे नाही, हे मला कळते. तरी असेच करायचे आहे.

५. ठोकळे भरायचे लोखंडी साचे दादाला. त्यानेच आणून दिले होते.

६. साक्षीदाराने मला सही करताना पाहायचे असते, मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. योगिनीताईंना विचारून घेतले. मग काल दादाला फोन केला.

"बागेचं काय केलंस गो?"

"तुझं नाव आहे आत, दादा. साक्षीला ये."

"नाव हाय ना? मग येतो. वाचायला नको लावू हां, चष्मा नाय आणत. सही कुठे करायची ती दाखव."

दाखवीन. उद्या कोर्टात "मालन शुद्धीवर नव्हती" असे म्हणायची सोय त्याला उरणार नाही.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

सही: मालन महिपत सुवारे

मालन सुवारे यांनी पूर्ण शुद्धीत, आम्हां दोघांच्या डोळ्यांसमोर वरील सही केली.

साक्षीदार:
१. डॉ. रितेश कीर
२. हरिश्चंद्र गोताड