तिघांची बरोबरी झाली तर

बाबा,

गुडघा कसा आहे? आईला सांगा, मी नीट जेवतोय. झोपेचं तेवढं विचारू नका.

अमेरिकन फुटबॉलचे आमच्या कॉलेजचे सामने संपले. आमचे आणि क्लेबर्न कॉलेजचे विजय सारखेच आहेत, पण त्यांना आम्ही हरवलंय, म्हणून गटाचं विजेतेपद आमचं. मात्र शनिवारी तुमचं जुनं कॉलेज जिंकलं तर बरोबरीत तिघं होतील. आम्ही क्लेबर्नला, क्लेबर्ननं तुमच्या कॉलेजला आणि त्यांनी आम्हाला हरवलंय, त्यामुळे मग देशभरातल्या संघांची क्रमवारी बघतात. तिथे तिघांत आम्ही शेवटी, म्हणजे विजेतेपद गेलं.

कोच म्हणतात, "आता गप्प बसा." बसवत नाही.

तुमच्या कॉलेजविरुद्ध माझ्याच हातून चेंडू सुटला आणि आम्ही हरलो. त्यांची टोपी डोक्यावर असूनही तुम्ही टाळी वाजवली नाहीत. मी बघत होतो.

शनिवारी ती टोपी खुंटीलाच राहू द्या. एकच दिवस.

तुमचा,
रस्टी