मानमोडीचा उन्हाळा

३ मार्च १९८३

आज बा बैल घेऊन हाळीच्या बाजाराला निघालाच होता. दावी सोडली होती. मी दारात आडवी उभी राहिले!

"सिंधे, सर बाजूला. कडबा सपला. काय घालू यांच्यापुढं, तुझी पुस्तकं?"

मी म्हणाले, यंदा बाजारात बैल घेणारा शेतकरी कुठं आहे? ट्रकवाले घेतात. ते कुठं नेतात हे तुलाही ठाऊक आहे. आणि जोडी गेली तर मृगात पेरणी कशानं करणार? आपली तीन एकरं तर पडतीलच, वर लोकांची नांगरट करून जी चार पोती ज्वारी घरी येते, तीही बंद.

शेवटी बोलून गेले – माझ्या कोंबड्यांच्या अंड्यांवर बैल जगवते. पाऊस पडेपर्यंत. शब्द देते.

बा हसला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं दावी परत खुंट्याला बांधली. आई चुलीपासून म्हणाली, "कोंबडी बैल पोसनार म्हना की! बघू बाई."

९ मार्च

कोंबड्यांचं खाद्य आणायला जळकोटला गुरुपादप्पांच्या दुकानी गेले. शेंगदाण्याची पेंड पुन्हा चढली! मका तर नाहीच म्हणाले. मी भाव ऐकून पिशवीची घडी घालायला लागले, तर म्हणतात, "ताई, लातूर जिल्हा झाला, कलेक्टर जवळ आला. पेंड तेवढी लांब गेली बघा."

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. निम्मीच घेतली.

२१ मार्च

पेंड कमी, ज्वारीचा भरडा जास्त – असं चालवलंय. नांदेडच्या कुक्कुटपालन शिबिरात शिकवलं होतं त्यातलं निम्मंही जमत नाही. अंड्याचं कवच पातळ झालंय, हातात घेताच तडकतं. कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात. दुपारी गोणपाट भिजवून खुराड्यावर टाकायला हवं, पण पाणी? विहिरीत बादली खरवडते. आधी बैल, मग कोंबड्या, मग आम्ही. आई म्हणते, "आमचा नंबर लागंल तवा सांग."

२ एप्रिल

अंडी विकून पहिल्यांदा कडब्याच्या पेंढ्या आणल्या. जोडीतल्या खैऱ्यानं वास घेतला आणि उठून उभा राहिला. मला रडूच आलं!

१४ एप्रिल

जयंती. विहारापुढं मांडव घातला होता. सरपंचांनी मला बोलायला लावलं – "आपल्या वस्तीतली पहिली ग्रॅज्युएट." आधी नको म्हणाले. पण एकदा सुरुवात झाली आणि थांबेनाच! मी म्हणाले, कोंबडी ही बाईच्या हातातली मिळकत आहे. आजारी पडली की कापून खायची नाही, अंगारा लावायचा नाही. माझ्याकडे आणा. आपल्या गावच्याच नाही, सोयऱ्याधायऱ्यांनाही सांगा. शिक्षण घेतलं ते कशासाठी?

टाळ्या पडल्या. बा मागे उभा होता, पटक्याच्या शेवानं डोळे पुसत होता. घरी आल्यावर म्हणाला, "लई चांगलं बोललीस माय."

१९ एप्रिल

कोंबड्यांना द्यायची मानमोडीची लस अजून आली नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, बर्फात घालून यायची असते, पुढच्या आठवड्यात नक्की. आपल्या भागात अजून रोग नाही, तोवर काळजी करू नका.

२५ एप्रिल

लस आली का बघायला गेले होते. नाही आली. परत आले तर अंगणात आत्या – भामाबाई, बाची थोरली बहीण, नायगावकडची. दोन बस बदलून आलेली. पुढ्यात रिकामी पाटी.

"आलीस का माझी डाक्टरीन! आमच्याकडं मर आली गं. गावातलं एक खुराडं राह्यलं न्हाई. म्हनलं, माझ्या चार धडच्या तुझ्याकडं ठिवाव्या. तूच भाषनात बोललीस म्हनं."

मी रिकाम्या पाटीकडे बोट केलं. "कुठं आहेत?"

बा कौतुकानं म्हणाला, "खुराड्यात सोडल्या की. तुझ्यांबरूबर."

मर आली की इकडच्या बायका हेच करतात. धडधाकट दिसतात त्या कोंबड्या पाटीत घालून दुसऱ्या गावी, माहेरी नाहीतर लेकीकडे नेऊन ठेवतात. जीव वाचावा म्हणून. आणि रोग त्यांच्या बरोबरच प्रवास करतो. हे मला माहीत होतं! मग जयंतीला हे का नाही सांगितलं? 'माझ्याकडे आणा' एवढंच सांगितलं.

आत्याच्या चारही बाहेर काढून लांब डालग्याखाली ठेवल्या. भांडी राखेनं घासली. आत्याला राग आला. "माझ्या कोंबडीचा इटाळ व्हतो व्हय तुला? तू बी तशीच निघालीस!" आमच्या घरात हा शब्द! बा माझ्याकडे बघेना. आत्या जेवलीही नाही, शेवटच्या बसनं गेली.

२८ एप्रिल

डालग्याखालच्या दोन मेल्या.

३० एप्रिल

माझी एक. सकाळी मान वाकडी करून गोल फिरत होती. मग पाय ओढायला लागली. हिरवट पातळ हगवण. दुपारपर्यंत संपली.

२ मे

डॉक्टर स्वतः सायकलवर आले. पाहूनच म्हणाले, मानमोडी. लसीचा आता उपयोग नाही. निम्म्या अजून टवटवीत आहेत, पण त्यांचं काही खरं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "लोक या वेळी उरलेल्या बाजारात काढतात. तुम्ही तसं करू नका. एक कोंबडी एक गाव बुडवते. खड्डा करा, चुना टाका." मी म्हणाले, मला सांगायला लागतं का सर?

बा ऐकत होता. डॉक्टर गेल्यावर एवढंच म्हणाला, "म्हंजे बैल बी गेले."

५ मे

कडबा संपला. आज खैऱ्या खाली बसला तो उठेना. पोटाखालून बांबू घालून चौघांनी उभा केला. त्याची कातडी हाताला सैल लागते.

६ मे

आई भांडली. ती कधी भांडत नाही.

"उद्या मरनारच हायत तर आज इकल्या तर काय बिघडलं? समदे इकतात."

"घेणारीच्या घरच्या मरतील आई."

"आन आपले बैल? ते कुनाच्या घरचे हायत?"

"भामाआत्याला माहीत नव्हतं म्हणून ती घेऊन आली. मला माहीत आहे."

"मंग तुला म्हाईत असल्याचा आमाला काय उपेग झाला, सांग की!"

बा मधे पडला. "पारू, गप. तिला जे बरूबर वाटतंय ते करंल ती." ओरडला असता तर सोपं गेलं असतं.

८ मे

बांधापलीकडे खड्डा खणला. जमीन दगडासारखी. बानं कुदळ चालवली, मी माती ओढली. चुना आणून ठेवलाय. उद्या सकाळी सगळ्या पुरायच्या, टवटवीतही. बा सकाळीच बैल घेऊन हाळीला जाणार. ठरलं. मला आता बरं वाटतंय, म्हणजे वाटायला हवं.

९ मे

जळकोटला बाजार होता. उरलेल्या सगळ्या विकल्या. मी. बानं नाही, आईनंही नाही. ती दोघं उठायच्या आत पाटी घेऊन निघाले.

एक बाई पिसं फुंकून, चोच उघडून बघायला लागली. तिच्या सोबतचीनं तिला गप्प केलं, "अगं, ही ग्यानोबाची शिकलेली पोर न्हाई का, जयंतीला बोलली ती. हिच्या कोंबडीला काय बघतीस!" बाई ओशाळली. चार घेतल्या. "लेकीकडं ठिवते, ताई. मर फिरून राह्यलीय म्हनतेत," म्हणाली.

मी मान डोलावली.

बाचं हाळीला जाणं राहिलं. बैल कडबा खात आहेत.