माठाशेजारचे उपाशी

अव्वा, आज प्रयोगशाळेतला एसी बंद पडला आणि मला तुझा माठ आठवला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गारवा म्हटलं की ओल्या वाळूवरचा तो माठच डोळ्यांपुढं येतो.

पंचाहत्तर-शहात्तरचा उन्हाळा. कॉलेजची खोली तव्यासारखी तापलेली आणि मातीतून काढलेल्या माझ्या अमीबांना गारवा हवा. सोलापुरात, एप्रिलमध्ये, गारवा! सर येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर पुण्याला संशोधनासाठी माझं नाव पाठवणार, नाहीतर करमाळ्याचं स्थळ अप्पांनी ठरवल्यातच जमा होतं. आंघोळीशिवाय कुणाला माठाला हात लावू न देणारी तू, पण त्याच वाळूत माझ्या दोन काचेच्या बश्यांना जागा करून दिलीस. "पिण्याच्या पाण्यापाशी जंतू! शिव शिव," म्हणालीस आणि वर ओलं फडकंही टाकलंस.

तू भाकरी थापतेयस, मी तुला समजावतेय. पोट भरलेलं असतं तोवर हे अमीबा एकेकटे फिरतात. खाणं संपलं की उपाशी अमीबा एक रसायन सोडतो, म्हणजे हाकच की. ती पोचली की बाकीचे जवळ येतात, सगळ्यांचा मिळून एक गोळा होतो. मग पुन्हा रसायनांच्याच इशाऱ्यावर काही जण देठ होतात, काही त्या देठावरचं बी. देठ मरतो, बी जगतं. तुझा हात थांबला.

"आनि आत्ता ते उपाशी हायत?"

"मुद्दाम ठेवलेत."

तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि वळून बश्यांकडं बघितलंस. तिथंच मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बघते तर एका बशीत पेज सोडून झालेली आणि दुसरीवर तू वाटी धरलेली. केवढ्यांदा ओरडले मी, म्हणून ती तेवढी वाचली! तूही काही कमी नव्हतीस. "माझ्या सैपाकघरात कुनी उपाशी मरायचं न्हाय. जंतू असू दे न्हाईतर जावई!" मी रडत बसले. माझं पुणं पेजेत बुडालं होतं.

सर आले, भिंगातून बघत राहिले. उपाशी बशीत बारीक बारीक देठ उभे, प्रत्येकाच्या टोकाला बियांचा थेंब. पेजेच्या बशीत बॅक्टेरिया माजलेले आणि ते खात अमीबा खुशाल एकेकटे. "भूक नाही तर हाक नाही," सर म्हणाले. "तुलनेला हेच हवं होतं. हे तुम्ही केलंत, आई?"

तू पदर सावरलास. "म्हंजे माझं चुकलं की बरोबर?"

"दोन्ही की!" सर हसले.

करमाळ्याला नकार कळवा, असं अप्पांना तूच सांगितलंस. मी पुण्याला निघाले तेव्हा शेंगाचटणीचा डबा हातात कोंबत म्हणालीस, "तितं एकटी कुढत बसू नको. भूक लागली की हाक मारायची, तुज्या जंतूंना बी कळतं की." मी मारली हाक, अव्वा. लई चांगली माणसं आली.

हे पत्र टाकू कुठं? पर्समध्येच राहील. पण एक सांगते, माझ्या विद्यार्थ्यांनाही माहीत नाही. प्रयोग संपला की बश्या उकळून टाकायच्या असतात. मी एक गुपचूप बाजूला काढते आणि त्यातल्या बियांवर पेजेचा थेंब सोडते. बी उघडतं, अमीबा पुन्हा खायला लागतात. ते बघितल्यावरच मी माझा डबा उघडते.